स्लीव्हपुरती धग

विजेच्या कामाची पहिली पायरी म्हणजे वीज घालवणे. मेन स्विच पाडायचा, टेस्टर लावून खात्री करायची, पंखा थांबल्यामुळे आतून आलेल्या "किती वेळ लागेल?" या प्रश्नाला "पाच मिनिटं" हे ठरलेलं उत्तर द्यायचं आणि वायरी सोलायला घ्यायच्या. जोड होतो, त्यावर तापवलं की आकसणारी हीट श्रिंकची स्लीव्ह सरकते, आणि आता ती तापवायची म्हणून पेटीतून जी ऐटबाज हीट गन निघते तिच्या शेपटाला तीन पिनांचा प्लग असतो. ही गन 1500 ते 2000 वॉटची. नुकतीच आपण जी वीज घालवली, नेमकी तीच ती मागते. शेजाऱ्यांकडून एक्स्टेंशन बोर्ड आणता येतो, पण त्या वायरीमागोमाग शेजारीही येतात आणि त्यांच्याकडे हेच काम कुणी कसं झटक्यात केलं होतं ते सांगत उभे राहतात. घरगुती इन्व्हर्टर साधारण 800 ते 1000 व्हीएचा असतो. त्याच्यावर ही गन लावली की तो एकदा किंचाळतो आणि मान टाकतो. शेतातल्या बोअरपाशी, गच्चीवरच्या टाकीमागे किंवा बंद पडलेल्या टेम्पोखाली तर प्लगचं नावच काढायला नको. तेव्हा या कामाला गॅसवर चालणारं, हातात मावणारं साधन हवं, इथवर कुणाचं दुमत नसावं. दुमत सुरू होतं ते कुठलं घ्यायचं यावर. दुकानात गेलेला प्रत्येक माणूस विचारतो, "हे किती तापतं?" माझं म्हणणं असं की हा प्रश्नच उलटा आहे. ते किती कमी तापवता येतं, हे विचारावं आणि तेवढ्यावरच साधन निवडावं.

पहिला आक्षेप आधुनिकांचा. आता बॅटरीवरच्या हीट गन मिळतात, मग गॅसचं जुनाट खूळ कशाला? हिशेब मांडून पाहू. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 90 वॉट-तास ऊर्जा मावते, आणि तिचं वजन अर्ध्या किलोच्या वर. खिशातल्या गॅसच्या साधनाच्या टाकीत समजा 25 मिलिलिटर ब्यूटेन आहे. त्याचं वजन भरतं 14 ग्रॅमच्या आसपास, आणि त्यात ऊर्जा सुमारे 180 वॉट-तास. म्हणजे दोन बॅटऱ्यांचा ऐवज दोन-तीन चमचे द्रवात. गॅसची बरीच उष्णता इकडेतिकडे वाया जाते हे खरं, पण बॅटरीवरची गनही खोलीतली हवा तापवण्यात काही मागे नसते. शिवाय तीनशे वॉट खाणारी गन धरली तरी 90 वॉट-तास 18 मिनिटांत संपतात, आणि संपलेली बॅटरी भरायला पुन्हा वीज लागते, जी आपण घालवलेली आहे. ज्यांच्याकडे त्याच कंपनीचं ड्रिल आणि चार बॅटऱ्या आधीच आहेत त्यांनी खुशाल बॅटरीची गन घ्यावी. बाकीच्यांसाठी दहा-बारा स्लीव्हच्या कामाला ती खरेदी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. केस वाळवायचा ड्रायर सुचवणारेही असतात. त्याची हवा साधारण 60 ते 90 अंशांची. स्लीव्हला तिने घाम फुटत नाही. आणि प्लग त्यालाही असतोच.

दुसरा आक्षेप घेणारे संख्येने फार मोठे आहेत आणि ते आक्षेप तोंडाने घेतही नाहीत. खिशातून लायटर काढतात. महाराष्ट्रात जेवढ्या स्लीव्ह आकसल्या असतील त्यातल्या बहुतेक सिगारेटच्या लायटरवर आकसल्या असाव्यात, आणि त्या लायटरधारकांतले निम्मे तरी निर्व्यसनी असतील. लायटरची बाजू दुबळी नाही. तो दहा-वीस रुपयांना मिळतो, हरवला तर दुःख होत नाही, आणि स्लीव्ह आकसते हे तर डोळ्यांना दिसतंच. पण लायटरच्या ज्योतीला पुरेशी हवा आधी मिसळून मिळत नाही, म्हणून ती पिवळी असते, आणि ज्योत पिवळी असते ती तिच्यात तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांमुळे. हे कण स्लीव्हवर बसतात. काजळी म्हणजे कार्बन. मिक्सरच्या मोटारीत वीज फिरत्या भागापर्यंत पोचवायला आपण दुकानातून मुद्दाम कार्बन ब्रश आणून बसवतो, आणि इथे वीज अडवण्यासाठी घातलेल्या नळीवर तोच कार्बन फुकट फासतो. एका घरगुती जोडावरच्या पातळ थराने लगेच काही आभाळ कोसळत नाही, हेही मान्य. पण निदान "मी इन्सुलेशन करतोय" असं त्या क्षणी म्हणू नये.

लायटरचा दुसरा दोष काजळीहून मोठा. त्याची ज्योत कायम वर जाते. भिंतीतल्या बोर्डाच्या डब्यातून बाहेर आलेली वायर जेमतेम दोन-तीन इंचांची, बाजूला चार इतर वायरी, आणि खालून धरलेली ज्योत. स्लीव्हची खालची बाजू करपते, वरची कोरडी राहते, शेजारच्या निर्दोष वायरीला चटका बसतो आणि लायटरची तापलेली पत्र्याची टोपी अंगठ्याला बसते ती वेगळीच. नवशिक्याने गॅसवर पापड भाजावा तसा प्रकार: मध्ये काळा, कडेला कच्चा, आणि भाजणारा मात्र झाला म्हणून समाधानी. फरक एवढाच की पापड ताटात पडताच बिंग फुटतं. स्लीव्ह बोर्डाच्या मागे जाते, वरून झाकण बसतं, आणि कारागिरीवर पुढची दहा वर्षं पडदा पडतो.

आता मुळात स्लीव्हला हवं तरी काय, ते पाहू. सगळ्या वादाचं उत्तर तिथेच आहे. पॉलिथिनच्या साखळ्यांना किरणोत्साराने एकमेकींशी जोडता येतं हे आर्थर चार्ल्सबी या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने 1952 मध्ये हारवेलच्या अणुभट्टीतल्या प्रयोगांवरून दाखवलं. 1957 मध्ये कॅलिफोर्नियात पॉल कुक यांनी रेकेम कंपनी काढली आणि या शोधाचा धंदा केला. साखळ्या अशा एकमेकींत गुंतल्या की प्लास्टिक तापवल्यावर वितळून वाहत नाही, रबरासारखं मऊ होतं. ते तशा अवस्थेत फुगवायचं आणि फुगलेलंच गार करायचं. पुढे कधीही पुन्हा तापवलं की ते आपल्या मूळ मापाला परत येतं. बाजारातली नेहमीची पॉलिओलेफिनची स्लीव्ह साधारण 90 अंशांना आकसू लागते आणि सव्वाशेच्या आत तिचं काम उरकतं. अणुभट्टीतून निघालेल्या विद्येची मागणी एवढीशी: उकळत्या पाण्याच्या थोडी पुढची धग, सगळीकडून सारखी, थोडा वेळ. आणि जिच्यावर ही स्लीव्ह बसते त्या घरातल्या साध्या पीव्हीसी वायरीची कायमची सहनशक्ती किती, तर 70 अंश. म्हणजे आतली वायर बाहेरच्या स्लीव्हपेक्षा नाजूक. काम करणाऱ्याला या दोघींच्या मधून वाट काढायची आहे.

हे ध्यानात ठेवून पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत जा आणि गॅस टॉर्चच्या खोक्यांवर काय लिहिलंय ते वाचा. "1300 अंश" हे मोठ्या लाल अक्षरांत. तांबं 1085 अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम 660 ला. म्हणजे सव्वाशे अंशांच्या कामासाठी आपल्याला असं साधन दाखवतात की त्याने स्लीव्ह, वायर आणि वायरीतलं तांबं या तिन्हींचा निकाल लागावा. दुकानदार ते पेटवूनही दाखवतो. फुर्र करून निळी, सुईसारखी टोकदार ज्योत निघते आणि गिऱ्हाईक हरखतं. अंशांच्या आकड्याला पुरुषांच्या मनात एक विशेष स्थान असतं. मोटारसायकलच्या सीसीला आणि जेवणातल्या तिखटाला असतं त्याच खात्यातलं. या ज्योतीला मंद करता येतं का, हे कुणी विचारत नाही, कारण तसं विचारणं जरा कमीपणाचं वाटतं.

यावर सरावलेला मिस्त्री म्हणेल, "अहो, जास्त तापलं तर लांब धरायचं. हात चालता ठेवायचा. साधनाला कशाला नावं ठेवता?" हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर त्याच्याच धंद्यातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळतं. रस्त्याच्या कडेला खड्डा खणून 11 केव्हीच्या केबलचे जॉइंट करणारे जॉइंटर सिलिंडरला लावलेला मोठा टॉर्च वापरतात. तिथे आपलं खिशातलं खेळणं उपयोगाचं नाही. तर या केबल किटबरोबर येणाऱ्या सूचनांत काय सांगितलेलं असतं? ज्योत मऊ ठेवा, निळी आणि टोकाला पिवळसर; पेन्सिलीसारखी टोकदार निळी ज्योत टाळा; ती एका जागी धरू नका, सतत फिरवा. मनगटाएवढ्या जाड केबलवर, उघड्या हवेत, शिकलेल्या हातांनाही टोकदार ज्योत नको म्हणून सांगावं लागतं. मग पेनाच्या रिफिलएवढ्या वायरीवर, कोंदट डब्यात, आपल्यासारख्यांच्या हातात ती का द्यायची? लांब धरून भागतं हे खरं, पण टोकदार ज्योतीच्या बाबतीत "लांब" आणि "जवळ" यांच्यात बोटभर अंतर असतं आणि चूक सुधारायला अर्धा सेकंद. जॉइंटरच्या पिवळसर टोकावरून लायटरवाल्यांनी उड्या मारू नयेत. तिथे टोक तेवढं पिवळं असतं, खालची ज्योत हवा मिसळलेली निळी असते, आणि जोडावर बसलेली काजळी पुसून काढणं हा त्या कामाचाच भाग असतो.

म्हणून माझं मत पडतं ते बिनज्योतीच्या साधनाला. गॅसवरच्या सोल्डरिंग आयर्नच्या संचात बिट, म्हणजे टोक, काढून त्या जागी गरम हवेचं नोझल बसवता येतं, ते हे. आत प्लॅटिनमचा मुलामा दिलेली जाळी असते. चाप ओढला की आधी नेहमीसारखी ज्योत पेटते, जाळी तापते, मग ज्योत विझते आणि जाळी लाल होऊन तेवत राहते. गॅस तिच्या पृष्ठभागावरच जळतो आणि तोंडातून नुसती तापलेली हवा येते. विद्या जुनी आहे. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी 1817 मध्ये पाहिलं होतं की प्लॅटिनमची तापलेली तार गॅस आणि हवेच्या मिश्रणात धरली तर ज्योतीशिवाय लाल राहते. ही हवासुद्धा तोंडाशी काही शे अंशांची असते, मग फरक काय पडला, असं कुणी विचारील. पडतो. वाऱ्याचा हा झोत पातळ आहे, त्यात सामावलेली उष्णता थोडी, आणि अंतर जरा वाढवलं की तो चटकन निवतो. चूक सुधारायला अर्ध्या सेकंदाऐवजी तीन-चार सेकंद मिळतात, आणि हौशी माणसाची सगळी अब्रू त्या तीन-चार सेकंदांत असते. शिवाय झोत खाली, आडवा, तिरपा, कसाही धरता येतो.

खरेदी करताना पाहायचं ते नोझलपुढे बसणारा चमच्यासारखा वाकडा पत्रा, म्हणजे रिफ्लेक्टर, संचात आहे की नाही. स्लीव्हच्या मागे गेलेली हवा तो वळवून परत आणतो, त्यामुळे वायर फिरवावी लागत नाही, आणि भिंतीत गाडलेली वायर फिरवता येतच नसते. हा दीड इंची पत्रा नसलेलं महागडं साधन आणि तो असलेलं मध्यम साधन यांत मी दुसरं घेईन. मग गॅसची चकती: ती अगदी कमीवर फिरवली तरी जाळी तेवत राहते का, ते दुकानातच पाहावं. टेबलावर आडवं ठेवलं तर गडगडत जाऊ नये, टोपी घातल्यावर चाप ओढला जाऊ नये. जळलेल्या गॅसची गरम हवा कुशीतून सोडणारं एक भोक काही आयर्नना असतं. सोल्डरिंग करताना ते कुठल्या वायरीकडे रोखलंय याचं भान ठेवावं, नाहीतर एक जोड करताना शेजारचा उसवतो. टाकी किती मोठी, रंग कुठला, पेटी किती सुबक, हे सगळं यानंतर.

"ज्योत नाही, म्हणजे निर्धास्त" असा निष्कर्ष काढणारे मात्र मला लायटरवाल्यांहून धोकादायक वाटतात. जिन्याखाली ठेवलेली इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो. बॅटरीच्या टर्मिनलची स्लीव्ह आकसवायला तिथेच हे साधन नेणाऱ्याने जर्मनीतल्या डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाची आठवण ठेवावी. त्याने 1823 मध्ये थंड प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून काडीपेटीशिवाय दिवा पेटवला होता. आपलं प्लॅटिनम तर आधीच लाल झालेलं. तेव्हा वायर सोडवून बाहेर आणावी, लग, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, आणि स्लीव्ह तिथे बसवावी, मग बॅटरीकडे जावं.

आणखी एक पंथ म्हणतो, स्लीव्हच कशाला? पट्टीचे कनेक्टर आहेत, काळी टेप आहे. कोरड्या, बंद डब्यात कनेक्टर उत्तमच; त्यावर वाद नाही. टेपचा गोंद दोन उन्हाळ्यांत कसा पाझरतो हे कुणीही जुना बोर्ड उघडून बोटांनी तपासावं. पण बोअरमध्ये सोडायच्या सबमर्सिबल पंपाच्या केबलीपाशी हे दोन्ही गप्प होतात. तिथे आतून गोंदाचा थर असलेली जाड स्लीव्ह लागते, आणि साधनाची खरी परीक्षाही तिथेच होते. सुरुवात मधोमध करायची, गोल फिरवत एका टोकाकडे जायचं, मग परत मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाते. स्लीव्ह आकसून केबलीला बिलगली की घाईचा माणूस थांबतो. आत गोंद अजून घट्टच असतो. आणखी थोडी सावकाश धग दिली की दोन्ही तोंडांशी गोंदाची बारीक, चकचकीत कड बाहेर येते; ती सबंध गोलभर दिसली की जोड पाण्याला तयार. टोकदार ज्योतीने बाहेरचं कातडं करपतं, गोंदाला पत्ताही लागत नाही. ते कळतं दोनशे फूट पाइप पुन्हा वर ओढून काढताना, आणि तेव्हा साधनावर वाचवलेल्या पैशांचा विषय कुणी काढत नाही.

राहता राहिला गॅस. घरात 14.2 किलोचं सिलिंडर उभं असताना ब्यूटेनचा चिमुकला डबा विकत का आणायचा, हा प्रश्न काटकसरी मराठी घरात उठणारच. घरगुती गॅसमध्ये प्रोपेनही असतो. 50 अंशांना ब्यूटेनचा दाब साधारण पाच बार, प्रोपेनचा सतराच्या आसपास. आणि साधनाची टाकी ब्यूटेनच्या दाबासाठी केलेली. सिलिंडरमधून असा गॅस काढणं बेकायदेशीर आहे ते आहेच. शिवाय गळती कळावी म्हणून घरगुती गॅसमध्ये जो वासाचा पदार्थ मिसळतात त्यात गंधक असतं, आणि गंधक प्लॅटिनमचा जुना वैरी. जाळीची ताकद मारून टाकतो. तेव्हा लायटरचा शुद्ध गॅस आणावा, साधन उलटं धरून भरावा आणि लगेच चाप न ओढता काही मिनिटं थांबावं, कारण भरताना टाकी गार पडलेली असते आणि तोंडाशी सांडलेला गॅस उडून जायला हवा. थंडीत ब्यूटेन रुसतो म्हणतात, तो उणे अर्धा अंशाला. निफाडची थंडी कितीही गाजली तरी दुपारी बारा वाजता तिथे बोअरचं काम अडणार नाही. आपल्याकडे भीती उलटी: मे महिन्यात चंद्रपूरला बंद गाडीच्या काचेमागे हा डबा विसरू नये.

सगळे आक्षेप संपल्यावर स्वयंपाकघरातून एक येतो: एवढे पैसे घालून आणलंच आहे, तर याच्यावर भरताचं वांगं भाजेल का? दुकानातल्या त्या 1300 अंशवाल्याने भाजेल, निदान साल तरी काळी होईल. बिनज्योतीच्या नोझलपुढे मात्र वांगं तासभर धरलं तरी कोमटच राहील आणि टाकी दोनदा भरावी लागेल. तसं स्पष्ट सांगावं, आणि साधन पेटीत ठेवून मेन स्विच वर करावा. पंख्याची पाच मिनिटं केव्हाच उलटून गेलेली असतात.